गवत कापायचं मशीन घेताना नुसता व्होल्टचा आकडा बघू नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

पावसाळा आला की आमच्या नाशिकला रो-हाऊसवाल्यांच्या अंगणात हरळी नुसती फोफावते, आणि मग सगळे बॅटरीवरचं लॉन मूव्हर शोधायला लागतात. चांगलंच आहे, पेट्रोलचा धूर नाही, दोरी ओढत बसायला नको, सकाळी सकाळी शेजाऱ्यांची झोपमोड पण नाही. पण दुकानात गेलं की एकच ऐकायला मिळतं, हे २० व्होल्टचं आहे साहेब, ते १८ चं आहे, हेच घ्या. अहो दोन्ही एकच! आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, म्हणजे १८, आणि फुल चार्ज केल्या केल्या मोजलं तर २० च्या वर दिसतात, खोक्यावर कोणता आकडा छापायचा एवढाच फरक.

खरा हिशोब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे वॉट-अवर. १८ व्होल्ट ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२, आणि ३६ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे पण ७२च. साठवलेली वीज तेवढीच, पैसे मात्र जास्त मोजायचे. हा आकडा असतो बॅटरीवर, पण इतका बारीक की चष्मा लावून शोधावा लागतो, तो किमतीच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहायला कंपन्यांना काय जड जातं?

माझं स्पष्ट मत, अर्ध्या गुंठ्याच्या लॉनला ७२ वॉट-अवर आणि ३२-३४ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कापणारं मशीन भरपूर झालं, फक्त पावसाळ्यात आठवड्याला फिरवायचं आणि एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापायचा. गुडघाभर वाढू दिलं किंवा ओलं असताना कापलं की मशीनच्या पोटाला गवताचा हिरवा लगदा चिकटतो, पातं जड फिरतं, मोटर जोर लावते आणि बॅटरी बघता बघता उतरते. तो लगदा काढताना आधी बॅटरी बाहेर काढा, हे तर दुकानात कोणी सांगतच नाही!! आणि दाराशी चटईएवढाच हिरवा पट्टा असेल तर हाताने ढकलायचं रीळवालं मशीन घ्या, बॅटरीची भानगडच नको.

अजून एक, मशीन घ्यायच्या आधी नुसत्या बॅटरीची किंमत विचारा आणि तीच बॅटरी त्या कंपनीच्या ड्रिलला, ट्रिमरला चालते का ते पण बघा, कारण काही वर्षांनी पॅक थकणारच आणि तेव्हा तो मिळाला नाही तर चांगलं मशीन भंगारात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे, मग ती कुठे नेऊन द्यायची हे बिलावरच छापलेलं हवं. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा आणि कंपन्यांना हे विचारावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक