पाणी पायऱ्यांवर आहे

नृसिंहवाडी,
श्रावण

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता दुकान आवरा आणि पुण्याला या. दर पावसाळ्यात आमचा जीव टांगणीला लागतो." मी नुसतं हं हं केलं आणि फोन आईकडे दिला. असलं काही मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी घाटावर जाऊन आलो. काल उघड्या असलेल्या चार पायऱ्या आज पाण्याखाली आहेत. पुजारी, नावाडी, फुलवाल्या, आम्ही पेढेवाले, सगळे उठल्यावर आधी पायऱ्या मोजतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. राधानगरीचे दरवाजे उघडले की पंचगंगा वाढते, कोयनेतून सोडलं की कृष्णा. दोन्ही एकदम भरल्या की कृष्णा पंचगंगेला आत घेत नाही, पाणी मागं फुगतं. त्या फुगवट्यात आपलं गाव.

आणि त्याच पाण्याची आपण वाटही बघतो. देवळात उत्तरेकडून शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. तू चार वर्षांची होतीस तेव्हा तुला खांद्यावर घेऊन दक्षिणद्वाराला स्नान केलं होतं. पाणी बर्फासारखं गार. तू माझे केस घट्ट धरून ठेवले होतेस, रडली मात्र नाहीस. गर्दीतल्या एका आजींनी तुझ्या डोक्यावर ओंजळभर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "वाडीची आहे पोरगी."

2005 ला वाटलं, असा पूर पुन्हा यायचा नाही. 2019 ला आला. 2021 ला परत. 2019 चा तर आठवड्यापेक्षा जास्त दिवस हललाच नाही. पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर वर केलं तेव्हा कवठाच्या बर्फीचे ट्रे गाळात रुतलेले होते. तुझी आई गुडघ्यावर बसून उलथन्यानं फरशी खरवडत होती. त्या रात्री मी खरंच म्हणालो होतो, विकून टाकू. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघं न बोलावता फावडी घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या घरातला गाळ तसाच होता. चार दिवस हेच चाललं, आधी आमचं, मग त्यांचं, मग समोरच्या म्हातारीचं. थंडीत मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात वांगी अशी लागली की तुझ्या आईनं भरली वांगी करून सगळ्या आळीला जेवायला बोलावलं. पुण्यात तुझ्याकडे सुखच आहे, जावईबापूंबद्दल एक शब्द नाही. पण तिथं पायऱ्या मोजायला मी कुठं जाऊ?

काळजी करू नकोस. काटा, कढई, खवा वरच्या मजल्यावर नेलाय. इशारा मिळाला की वेळ न लावता शिरोळला निघू, हा माझा शब्द. आईची औषधं पिशवीत तयार आहेत.

तुझी दहावीची गुणपत्रिका 2019 ला भिजली होती. आईनं ती दोन वह्यांमध्ये दाबून वाळवली. शाई थोडी पसरलीय, पण गुण वाचता येतात. दत्तजयंतीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे बाबा