पौर्णिमेची गाणी आणि आपले परीक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलच्या 'आय/ओ' या 2023च्या अल्बमचे परीक्षण वाचले. मराठी दैनिकाने या विषयाला अर्धे पान दिले याबद्दल आधी आभार. पण परीक्षकांनी अल्बम शेवटपर्यंत ऐकला का, हे विचारणे भाग आहे. मनू काचेचे ड्रम्स, टोनी लेव्हिनचा बेस, डेव्हिड ऱ्होड्सची गिटार, यांवर एक शब्द नाही. वय 73 आणि मधली 21 वर्षे, यावरच सारा लेख.

2002च्या 'अप'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला नव्हता, हे खरे. म्हणून माणूस स्वस्थ बसला होता असे लिहायचे? 2010 मध्ये त्याने इतरांची गाणी वाद्यवृंदासह गायली, पुढच्या वर्षी आपली जुनी गाणी तशीच नव्याने बांधली, 2016 मध्ये गायक स्टिंगबरोबर अमेरिकेचा दौरा केला. शिवाय अन्यायाचे चित्रीकरण करता यावे म्हणून सामान्य लोकांच्या हाती कॅमेरे देणारी 'विटनेस' ही संस्था त्याच्या पुढाकाराने 1992 पासून चालू आहे.

हेही मी सोडून दिले असते. पण या गायकाला भारतात ओळखतो कोण, हा परीक्षकांचा प्रश्न मला फार लागला.

आम्ही ओळखतो. 30 सप्टेंबर 1988 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा गाण्यांचा कार्यक्रम झाला. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, यूसू एन्डूर आणि गॅब्रिएल. पुण्याहून आम्ही कॉलेजातली मुले झेलम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून गेलो होतो. आरक्षणाचे पैसे कार्यक्रमाच्या तिकिटात गेले होते. स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतला तरुण कार्यकर्ता 1977 मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले, आणि तेही गॅब्रिएलच्या 'बिको' या गाण्यातून. मंडेला तेव्हा अजून कैदेत होते. शेवटचा आलाप गॅब्रिएलने आमच्या हवाली केला, ड्रम्स वाजत राहिले आणि अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून आम्ही तो गात राहिलो. परतीच्या गाडीत कोणाचाही घसा धड नव्हता. त्यानंतर वर्तमानपत्रातली कोठडीतल्या मृत्यूची बातमी मी कधीच नुसती चाळून पुढे गेलो नाही. पुढे 1989च्या 'पॅशन' या अल्बममध्ये एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि नुसरत फतेह अली खाँ यांचा आवाज त्याच्याच संगीतात ऐकला. नुसरतसाहेबांना जगभर नेणाऱ्यांत त्याची 'रिअल वर्ल्ड' ही कंपनी होती. आपल्या परीक्षकांना यातले काहीच ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

अल्बम येण्याआधी दर पौर्णिमेला त्यातले एक गाणे प्रसिद्ध करण्याला परीक्षकांनी जाहिरातीची क्लृप्ती म्हटले आहे. बाराही गाणी आधीच येऊन गेली, मग अल्बममध्ये नवे ते काय, असाही सवाल आहे. आम्ही मात्र वर्षभर दिनदर्शिका पाहून वाट पाहिली. 6 जानेवारीच्या शाकंभरी पौर्णिमेला पहिले गाणे आले आणि अधिक श्रावणामुळे ऑगस्टमध्ये दोन मिळाली. आईवरचे 'अँड स्टिल' आले 28 ऑक्टोबरला, म्हणजे कोजागरीला. त्या रात्री चंद्रग्रहण, त्यामुळे आटवलेले दूध कधी प्यायचे यावर घरात वाद चालला होता. माझी आई याच वर्षी गेली. गच्चीवर हेडफोन लावून बसलो, त्या गाण्यातला चेलो सुरू झाला आणि मला उठवेना. सगळी गाणी एकाच दिवशी हाती आली असती, तर या गाण्याला मी इतका वेळ दिला असता असे वाटत नाही.

प्रत्येक गाण्याची दोन रूपे देणे म्हणजे भरताड, हेही चूक आहे. ब्राइट-साइड मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांची एक जुळणी, स्पाइक स्टेंटचे, डार्क-साइड चॅड ब्लेकचे. चांगले हेडफोन लावून एकापाठोपाठ ऐकावे. गायकाचा आवाज एकात जवळ येतो, दुसऱ्यात तालवाद्यांच्या आड जातो. परीक्षण लिहिण्याआधी एवढे करायला हरकत नव्हती.

आणि छायाचित्र! गॅब्रिएलच्या नावाखाली आपण फिल कॉलिन्सचे चित्र छापले आहे. गॅब्रिएलने 1975 मध्ये जेनेसिस सोडल्यावर त्या बँडचा मुख्य गायक झालेला ड्रमर तो. दोघांची नावे आणि चेहरे लाखो लोकांना पाठ आहेत. मंगेशकर भगिनींच्या बाबतीत अशी अदलाबदल झाली असती, तर आपण दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर दिलगिरी छापली असती.

जाता जाता आणखी एक. पदपथांबद्दलचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापलेत आणि वॉर्डाचे नावच गाळलेत, त्यामुळे तक्रार कोणत्या रस्त्याची हे कोणाला कळले नाही. हे पत्र जागेअभावी कापावे लागले, तर दिल्लीचा परिच्छेद कापा. छायाचित्राची दुरुस्ती मात्र येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर यावी.

आपला,
एक जुना वाचक, पुणे