डॉ. आल्विन मिट्टाश यांना अनावृत आभारपत्र

माननीय डॉ. मिट्टाश,
सादर प्रणाम.

आपल्याला जाऊन सात दशके लोटली. तरीही अमोनिया प्लांटमध्ये उमेदीची सारी वर्षे काढलेल्या माणसाने आपले आभार जाहीरपणे मानायला हवेत, कारण नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करण्याची जी प्रक्रिया जग हेबर आणि बॉश या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखते, तिच्या कन्व्हर्टरमधला, म्हणजे जिथे अमोनिया तयार होतो त्या पात्रातला, लोखंडी उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) आपण शोधलेला आहे. त्या दोघांना नोबेल मिळाले. आपले नाव मात्र आमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरही आलेले नाही.

हेबर यांनी अमोनिया करून दाखवला तो ऑस्मियम या धातूचा उत्प्रेरक वापरून, आणि ऑस्मियम जगात इतके थोडे, की त्यावर कारखाने उभे राहणे अशक्यच होते. बी.ए.एस.एफ. या जर्मन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत आपण दोनेक ग्रॅम नमुना मावेल अशा छोट्या नळ्या एकाच वेळी चालवायला घेतल्यात आणि १९१२ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २,५०० पदार्थांवर ६,५०० चाचण्या पार पाडल्यात. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्वीडनमधल्या येलिव्हारे येथील मॅग्नेटाइट या लोहखनिजाने अनपेक्षितपणे भरघोस अमोनिया दिला, आणि शुद्ध लोखंड मात्र त्याच्या जवळपासही पोहोचेना. दुसरा कोणी त्या खनिजाचाच साठा मागवून मोकळा झाला असता. आपण त्यातल्या अशुद्धींचा माग काढलात आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) व पोटॅश (पोटॅशियमचे संयुग) मोजून-मापून लोखंडात मिसळलेत. ॲल्युमिनामुळे लोखंडाचे बारीक कण तापून एकमेकांना चिकटत नाहीत, आणि पोटॅशियममुळे नायट्रोजनचा चिवट बंध तुटणे सोपे जाते, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला. मिश्रणाचा गाभा आजही तोच आहे.

नवा उत्प्रेरक भरला की त्या काळ्या खड्यांतला ऑक्सिजन हायड्रोजनयुक्त वायूने हळूहळू काढावा लागतो, आणि बाहेर पडणारे पाणी ओसरेपर्यंत तापमान वाढवण्याची घाई करून चालत नाही. एकदा तयार झालेला हा माल हवा लागताच आपोआप तापून लाल होतो, म्हणून तो उपसताना नायट्रोजनचे आवरण सोडता येत नाही.

जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले. तिथल्या अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटके झाली. अमोनियाचे ते ऑक्सिडीकरण करणारा उत्प्रेरकही आपल्याच विभागातला होता. आभार मानताना हे नजरेआड करणे मला जमत नाही. पण अमोनियापासूनच होणाऱ्या युरिया खताचे पोते ज्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते, त्याच्यावरचे आपले उपकारही तितकेच खरे आहेत.

माझे विशेष आभार मात्र आपल्या दुसऱ्या यादीसाठी आहेत. उत्प्रेरकाला बळ देणाऱ्या द्रव्यांइतक्याच चिकाटीने आपण त्याला मारणारी द्रव्येही नोंदवून ठेवलीत: गंधक, क्लोरीन, आर्सेनिक, फॉस्फरस. आमच्याकडे हायड्रोजन ज्यापासून मिळवतात त्या नैसर्गिक वायूतले गंधक अगदी सुरुवातीलाच काढतात, ती सारी खबरदारी या जातीची आहे, आणि तिच्या जोरावर एकच भरणा वर्षानुवर्षे टिकतो. त्याबद्दल आमच्या तिन्ही पाळ्यांतर्फे मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
अमोनिया प्लांटमधला एक निवृत्त कर्मचारी