रविवारची शागोती गेली कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

आमचा भाचा इंग्लंडला असतो, तो परवा फोनवर सांगत होता की तिकडे पूर्वी लोक रविवारी चर्चला जाताना मांसाचा मोठा तुकडा ओव्हनमध्ये ठेवून जायचे, परत येईपर्यंत तो मस्त भाजलेला, सोबत बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, ग्रेव्ही आणि अख्खं घर टेबलाभोवती. मला आमची गोव्याची शागोती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातला कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा, आठवली हो! सोमवार शिवराक (म्हणजे शाकाहारी), म्हणून रविवारी सगळी कसर भरून काढायची. आई सकाळीच खोबरं, धने, खसखस, सुक्या मिरच्या मंद आचेवर भाजायला घ्यायची, खोबरं काळपट तांबूस झाल्याशिवाय ती तवा उतरवायची नाही, आणि तो वास थेट रस्त्यापर्यंत. सोबत वडे. काका, आत्या, सगळे हजर.

आता? रविवारी दुपारी पार्सल. मागच्या आठवड्यात आणलेल्या शागोतीत खोबरं धड भाजलेलंच नव्हतं, नुसता तिखट रस्सा (दीडशे रुपये गेले ते वेगळेच). जून-जुलैत ट्रॉलर बंद, मासळी महाग, तेव्हा तरी घरी शागोती करायला काय हरकत आहे? तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या घरातल्या मसाल्याची मापं छापा की, आईचं माप मी स्वतः पाठवतो.

एक वाचक, फोंडा