बरोकला केवळ डामडौल म्हणू नये

महोदय,

व्हिएन्नातील बरोक कलेला, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील भव्य, अलंकृत शैलीला, निव्वळ डामडौल ठरवून त्यानंतरच्या विवेकवादी ज्ञानोदयकाळातील (एन्लाइटनमेंट) साधेपणाचा काही समीक्षकांनी गौरव करणे मला अन्यायकारक वाटते. प्लेगच्या साथीत सम्राट सहाव्या चार्ल्सने केलेल्या नवसातून १७१६ मध्ये कार्ल्सकिर्शे या चर्चची उभारणी सुरू झाली; त्या भव्यतेमागे भयभीत शहराची खरी श्रद्धा होती. पुढे सम्राट दुसऱ्या जोसेफने अनेक मठ बंद केले, १७८४ मध्ये मोठे सार्वजनिक रुग्णालय उघडले आणि राजाश्रयाचा हेतूच पालटला. अभिरुची मात्र त्याआधीच वळू लागली होती. मेसरश्मिट या शिल्पकाराने जोसेफची आई, सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला राजवस्त्रांच्या घोळदार चुण्यांत घडवले आणि त्यानेच १७७० मध्ये डॉक्टर मेस्मरचा अर्धपुतळा केसांच्या टोपाविना, उघड्या मानेने साकारला. एकाच हातातले हे दोन्ही सामर्थ्य समीक्षकांनी अवश्य तपासावे.

– एक वाचक, पुणे