लोफोटेनहून पत्र: इथंही मासे वाऱ्यावरच सुकतात

ती. आजी, आई, बाबा,

सा. नमस्कार. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघं लोफोटेनला आलोय, नॉर्वेच्या पार उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्याही वर. बोडोहून फेरीने तीनेक तास नुसता समुद्र आणि मग एकदम काळे कातळ, डोक्यावर बर्फ, थेट पाण्यातूनच उभे. आपल्याकडे समुद्र आणि डोंगराच्या मधे वाळू, माड, वाडी असं काहीतरी असतं, इथं मधे जागाच नाही, गावं कशीबशी खडकाच्या कडेला बसलीयेत. आम्ही रैने गावात राहतोय, खांबांवरच्या लाल लाकडी घरात, खाली पाणी. या घरांना रोर्बू म्हणतात, पूर्वी सीझनला लांबून आलेले मच्छीमार यात राहायचे, आता बरीचशी पर्यटकांना भाड्याने देतात. फोटो पाठवलेत ते बघा.

पण आजी, तुला सांगायचंय ते वेगळंच. गावात शिरलो आणि वास आला, सुक्या मासळीचा! बघते तर रस्त्याला लागून लाकडी मांडव आणि त्यावर हजारोंनी कॉड मासे, शेपटीला दोन-दोन बांधून लटकवलेले, अगदी आपल्या अर्नाळ्याच्या वलांडीवर बोंबील असतात तसे. आणि मीठ अजिबात नाही गं! हा मासा जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला इथं येतो, तेव्हा पकडून साफ करून टांगतात ते मे-जूनपर्यंत. गल्फ स्ट्रीम या समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेलाही हिवाळ्यात हवा शून्याच्या आसपास राहते, तेच सगळं गणित आहे, कारण जास्त गारठा पडला तर मांस गोठून खराब होतं आणि ऊब आली की माशा बसतात. हजार वर्षांपासून हा धंदा चाललाय. चांगला माल इटलीला जातो, डोकी वेगळी सुकवून नायजेरियाला, तिथं सूपमध्ये घालतात. माशांच्या जिभा कापायचं काम गावातली शाळकरी पोरं करतात आणि ते पैसे त्यांचेच.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू, हॉटेलं, कॅफे आले तरी मांडव गावातच आहेत, अगदी पर्यटकांच्या खिडकीसमोर. आपल्याकडे कोळीवाड्याशेजारी टॉवर झाला की आधी वासाची तक्रार होते आणि मासळी सुकवायची जागाच कमी होत जाते, ते आठवून खरंच वाईट वाटलं. ज्या कामावर गाव उभं आहे ते काम गावात दिसायलाच हवं ना!

काल ओ नावाच्या गावाला गेलो, रस्ता तिथंच संपतो. तिथं किटीवेक नावाचे सीगलसारखे पक्षी चक्क घरांच्या खिडक्यांवर घरटी करतात, दिवसभर कलकलाट. जुना कॉड लिव्हर ऑइलचा कारखानाही आहे म्युझियममध्ये, बाबा, लहानपणी तुम्ही मला जबरदस्तीने द्यायचात ना त्या पिवळ्या गोळ्या, ते तेल. रैनेब्रिंगेन डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्यात, पण वर अजून बर्फ होता म्हणून चढलो नाही.

आजी, एक सुका मासा घेतलाय, लाकडासारखा कडक आहे. इथले लोक आठवडाभर पाण्यात ठेवतात, रोज पाणी बदलून. मला त्याचं आपलं कालवण करायचंय, चिंच घालू का कोकम, आणि बटाटा टाकला तर चालेल का, ते आईला व्हॉइस मेसेज करायला सांग.

तुमची,
छकुली