मॉर्मन म्हणजे बहुपत्नीत्व नव्हे

महोदय,
मॉर्मन हा अमेरिकेत उगम पावलेला ख्रिस्ती पंथ. मॉर्मन म्हटले की अनेकांना पहिल्यांदा ‘चार बायका’च आठवतात. हा त्या समाजावर अन्याय आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत असलेल्या त्यांच्या मुख्य चर्चने १८९० मध्ये ही प्रथा थांबवल्याचे जाहीर केले. १९०४ पासून असे नवे लग्न करणाऱ्याला सभासदत्व गमवावे लागते. युटातील आजची बहुपत्नीक कुटुंबे बहुतेक फुटून निघालेल्या गटांतली.

दुसरा गैरसमज म्हणजे मॉर्मनांना कॅफीन वर्ज्य आहे हा. मनाई आहे ती मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफीला, मग ती बर्फ घातलेली का असेना. कोला चालतो. मॉर्मन पाहुण्याला चहाचा आग्रह नको. चहापत्ती न घालता गवती चहा-आल्याचा काढा खुशाल द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र आधी विचारा. त्या दिवशी बरेच जण दोन वेळचे अन्नपाणी सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात.

– एक वाचक